दोन दारांची गाडी

गाडीभोवती दादाने तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या दोन मी समजून घेतल्या. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं धरणांचे आणि कालव्यांचे आराखडे काढलेला माणूस, एका नजरेत काही पास करायचा नाही. पण तिसऱ्या फेरीला तो बॉनेटपासून मागच्या दिव्यापर्यंत पत्र्यावरून तळहात फिरवत निघाला, आणि दर दोन पावलांना मान अशी वळवून वळवून बघू लागला की मलाच ओशाळं वाटायला लागलं. दाणे टिपणारी कोंबडी बघते तसं चाललं होतं त्याचं.

गाडीचे मालक कॅप्टन नाडगौडा फाटकाशी हाताची घडी घालून उभे होते. जहाजावरून निवृत्त झालेला, सहा फूट उंचीचा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला माणूस. पुण्यात सहकारनगरच्या त्या शांत गल्लीत जानेवारीतलं ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात ती गाडी उभी होती. गडद लाल. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे मला त्या रंगाचं नावही ठाऊक होतं, क्रिमसन. आमच्या रंगपेटीत ही बाटली सगळ्यात आधी संपते.

"मागचं दार जरा उघडून दाखवता का?" दादाने विचारलं.

कॅप्टन हसले. "साहेब, मागचं दार असतं तर ही गाडी मी सिंगापूरहून बोटीत घालून आणली नसती."

दादाही हसला, पण जरा उशिरा. दादाचा तो प्रश्न म्हणजे मलाच टोमणा होता याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. गेले चार महिने आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. दोन दारांची गाडी कशाला, मागे बसायचं कसं, सामान कुठे ठेवायचं. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, की मी एकटी आहे, मला दोन दारं पुरतात. ऐकणाऱ्याला ते फार स्वाभिमानाचं वगैरे वाटायचं. खरं कारण इतकंच होतं, की चार दारांच्या गाडीत मी चित्रकलेच्या फडतरेबाई दिसले असते, आणि दोन दारांच्या गाडीत कोण दिसेन ते मला बघायचं होतं.

आता या गोष्टीला चौदा वर्षं झाली. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते, साताऱ्याला मुलींच्या शाळेत नोकरीला, लग्न केलेलं नाही, राहायला दादा आणि विमलवहिनींबरोबर. दादा माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. आमचे वडील मी पाचवीत असताना गेले, तेव्हापासून प्रत्येक गोष्ट मी दादाला विचारत आले आणि तो सांगत आला. बूट कुठले घ्यायचे इथपासून नोकरी कुठली धरायची इथपर्यंत. ही गाडी तेवढी मी त्याला न विचारता ठरवली होती. म्हणजे दोन दारांचीच घ्यायची एवढं ठरवलं होतं. कुठली, ते ठरत नव्हतं.

त्यासाठी मी एक वही केली होती. रकाने आखून. वय, किलोमीटर, टायर, इंजिनाचा आवाज, गंज. माझं बजेट साडेतीन लाख, आणि तेवढ्यात दिसायला देखणी दोन दारांची गाडी म्हणजे कुणाची तरी हौस फिटलेली गाडी. कोल्हापूरला एक पिवळी पाहिली. मालकाने तिच्या पोटाखाली निळे दिवे लावले होते आणि रिव्हर्स घेतला की ती भूपाळी म्हणायची. सांगलीला एक पाहिली, तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मालक म्हणाले, एकवीस दिवस थांबा, मग नेऊन चालवून बघा. दोन्ही वेळेला मी वहीत गंभीरपणे सगळे रकाने भरले. कॅप्टनांची जाहिरात वर्तमानपत्रात आली, तिच्यात रुपयाएवढा फोटो होता. तो बघितल्यावर मी वही उघडलीच नाही. फोनवर भाव ठरवला, बँकेतून ड्राफ्ट काढला आणि मग दादाला म्हणाले, चल जरा, गाडी तपासून दे. तपासायला पुरुषमाणूस बरोबर असावा लागतो असं वहिनींचं मत होतं, आणि खरं म्हणजे मला तपासणी नको होती, फक्त दादाने मान डोलवायला हवी होती.

आम्ही एसटीने आलो. दादाची स्वतःची गाडी होती, ती त्याने वर्षापूर्वीच विकून टाकली होती. वापर नाही म्हणाला. त्याआधी स्कूटर विकली, गुडघे दुखतात म्हणाला. मी म्हटलं, निवृत्तीनंतर माणूस चिक्कू होत जातो.

"साहेब, ही घ्या किल्ली. एक चक्कर मारून या," कॅप्टन म्हणाले. आल्यापासून ते दादाशीच बोलत होते. इंजिन दादाला, कागद दादाला, टायरची माहिती दादाला. मी जणू बरोबर आणलेली पिशवी.

दादाने किल्ली घेतली आणि माझ्या हातात ठेवली. "गाडी हिची आहे. ही चालवेल."

मला इतकं भरून आलं म्हणून सांगू. मला तो माझा विजय वाटला. कॅप्टनांकडे मी ज्या नजरेने पाहिलं ती आठवली की आजही कानशिलं तापतात. वास्तविक मला गाडी चालवता येत होती असं म्हणणं धाडसाचं होतं. सहा वर्षांपूर्वी एकवीस दिवसांचा क्लास केला होता, त्यात गुरुजींच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच होता. म्हणजे जी काही चालवली ती आम्ही दोघांनी मिळून.

"तुम्ही येत नाही?" मी कॅप्टनांना विचारलं.

"नको. दुसऱ्याच्या हातात तिचे गिअर ऐकवत नाहीत मला," ते म्हणाले, आणि खरंच फाटकाच्या आत जाऊन उभे राहिले.

आम्ही बसलो. आत सीट इतकी खाली होती की रस्त्यावर बसल्यासारखं वाटत होतं. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा सुरू झाली आणि निघाली. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाला मोठी काच होती. त्या काचेत ती लाल गाडी सरकत गेली आणि तिच्यात एक बाई बसलेली दिसली. मान ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी तिला आणखी एकदा बघावं म्हणून वेग कमी केला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तेवढ्यात समोरून दुधाची व्हॅन आली. गल्ली अरुंद. मला डावीकडे दबावं लागणार होतं आणि डावी बाजू मला मुळीच दिसत नव्हती.

"दादा, डावीकडे जागा आहे का?"

दादाने खिडकीकडे मान वळवली. "आहे. ये तू."

मी आले. आधी एक खरखर ऐकू आली, पत्र्यावर कुणी खिळा ओढावा तशी. मग काहीतरी धाडकन पडलं आणि एक बाई ओरडली. मी ब्रेक दाबला.

झाडाखाली इस्त्रीवाल्या बाईंची चार चाकांची हातगाडी उभी होती, लोखंडी कडेची, चांगली खाटेएवढी. ती आम्ही घासत ढकलली होती. घड्या घातलेले कपडे रस्त्यावर सांडले होते, कोळशाची इस्त्री खाली पडली होती आणि बाई झाडाला चिकटून उभ्या होत्या. इस्त्री त्यांच्या पावलापासून वीतभर अंतरावर होती.

"लागलं का हो?" मी उतरून पळत गेले.

"नाही लागलं. पण बाई, एवढी गाडी दिसली नाही का तुम्हांला?"

मी वळून दादालाच धारेवर धरलं. गल्लीत पाचसहा माणसं जमली होती, दुधाच्या व्हॅनचा ड्रायव्हर उतरला होता. त्या सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "दादा, तुला डोळे आहेत की नाहीत?"

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चुकलं माझं, कुमू."

माझ्या सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी गाडीच्या डाव्या दारावरचा ओरखडा बघत होते. हातभर लांब, क्रिमसनच्या मधोमध पांढरा. दादा तोवर खाली बसून कपडे गोळा करू लागला. एकदा त्याने हात झटकन मागे घेतला आणि खिशात घातला, तेही मी पाहिलं. वाटलं, काम टाळतोय.

कॅप्टन चालत आले. त्यांनी ओरखड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "नको असेल तर राहू दे. मी रंगवून घेईन. तुमच्यावर काही नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला त्या घटकेला ती गाडी नको होती, मला एसटीत बसून घरी जायचं होतं आणि यापुढे रंगपेटीतली क्रिमसनची बाटलीसुद्धा बघायची नव्हती. मी तसं म्हणणार, तोच दादा म्हणाला, "गाडी आम्ही घेतोय. कागद आणा."

तो इतक्या शांतपणे म्हणाला की मी ड्राफ्ट काढून दिला. मनात म्हटलं, अपराधी वाटतंय याला, वाटू दे.

परतीच्या वाटेवर कात्रजचा बोगदा संपेपर्यंत मी एक अक्षर बोलले नाही. पुढेही नाही. एक तर हायवेवर पहिल्यांदाच गाडी घातली होती, मोठमोठे ट्रक आमच्या डोक्यावरून गेल्यासारखे जात होते; आणि दुसरं, मला रागवायचं होतं. नीट रागवायला वेळ लागतो. शिरवळ येईपर्यंत मी दादाने आजवर माझ्या किती गोष्टी बिघडवल्या त्याची यादी करत होते. यादी फार लांब होईना, म्हणून मग आणखी चिडले. दादा समोर बघत बसला होता, उजवा हात खिशात.

खंबाटकीचा घाट मी पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्येच चढवला. वर पोहोचलो. एका चहाच्या टपरीशी गाडी थांबवली. शेजारी मोकळं माळरान होतं, वारा होता. दादा बाकावर बसला. मी दोन ग्लास घेऊन आले आणि त्याच्या डाव्या अंगाला उभी राहून एक पुढे धरला.

तो घेईना.

"घे की. आता तू रुसलास का?"

"कुठंय?" तो म्हणाला आणि मान वळवून, आणखी थोडी वळवून, ग्लास पाहिला. उजवा हात खिशातून काढून पुढे केला. बोटांच्या पेरांवर पाण्याने भरलेला, बोराएवढा फोड होता.

"हे काय?"

"इस्त्री लागली. कपडे उचलताना."

"अरे, एवढी मोठी इस्त्री. समोर पडली होती."

"समोर नव्हती, कुमू. बाजूला होती." त्याने चहाचा घोट घेतला. "समोरचं मला सगळं दिसतं. पेपर वाचतो, त्या डोंगरावरची झाडंही मोजून देईन. बाजूचं दिसत नाही. नळीतून बघावं तसं होतं."

मी उभी होते ती बाकावर बसले.

"काचबिंदू आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. दोन वर्षं झाली. थेंब घालतो रोज. गेलेली नजर परत येत नाही म्हणतात, उरलेली सांभाळायची."

"म्हणून स्कूटर विकलीस?"

"एकदा कोरेगाव रस्त्याला एक शाळकरी मुलगी सायकलवरून आली. अगदी शेजारून. ती दिसली तेव्हा माझ्या हँडलला तिची वेणी लागत होती. तिला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी स्कूटर विकली."

"आणि गाडी?"

"गाडी त्याच महिन्यात काढायला हवी होती. मोह सुटेना. सहा महिने नुसती दारात धुवून ठेवली."

मला कॅप्टनांच्या फाटकाशी मान वळवणारा दादा आठवला. पत्र्यावरून हात फिरवणारा. मागचं दार विचारणारा. मी गेली चोवीस वर्षं मुलींना सांगत आले होते, की आधी बघा, मग काढा. आणि माझ्याच घरात दोन वर्षं एक माणूस हाताने चाचपत वावरत होता आणि मी त्याला चिक्कू आणि कोंबडी ठरवून मोकळी झाले होते.

"मग मला 'ये' कशाला म्हणालास?"

"तेच मलाही कळेना. तू विचारलंस. आजवर तू काही विचारलंस आणि मी माहीत नाही म्हटलं, असं झालंच नाही कधी. तोंडातून गेलं. त्या बाईंच्या पायावर इस्त्री पडली असती तर..."

"दादा, मी सगळ्यांसमोर तुला जे बोलले..."

"विचारलंस ते बरोबरच होतं. उत्तर द्यायला हवं होतं मी."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू ही गाडी घेतली असतीस? तो ड्राफ्ट माझ्या डोळ्यांच्या नावाने काढला असतास. मला मुंबईला नाही तर मद्रासला नेलं असतंस, आणि तिथल्या डॉक्टरांनीही तेच थेंब दिले असते."

पुढे पुष्कळ वर्षं मी लोकांना सांगत आले, की हो, मी तसंच केलं असतं. पण इथे खरं सांगायचं तर मला ठाऊक नाही. मी त्या फोटोत इतकी गुंतले होते की दादाने सांगितलं असतं तरी कदाचित म्हणाले असते, बरं, बघू, आधी गाडी आणू. हे त्याला माहीत नव्हतं. किंवा असेलही, आणि म्हणून त्याने दोन्हींतलं एक निवडायची वेळ माझ्यावर येऊ दिली नाही.

दादाने ग्लास खाली ठेवला आणि उठला. "थांब इथंच. गाडीजवळ उभी राहा."

तो माळावर चालत गेला. पायाखाली बघत, सावकाश, चाळीस-पन्नास पावलं. मग वळला आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं रडतोय की काय, म्हणून मी ओरडून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. बघतोय."

"तिथून काय बघतोस?"

"अगं, जवळून मला तिचे तुकडेच दिसतात. दिवा दिसला तर चाक दिसत नाही. इथून अख्खी मावली." तो बराच वेळ बघत राहिला. तेहतीस वर्षं कागदावर अख्खी धरणं बसवणारा माणूस. मग म्हणाला, "खरंच दोनच दारं आहेत की."

"मग कॅप्टन काय खोटं सांगत होते?"

"मला वाटलं चेष्टा करतोय माझी. ऐन वेळी तू चार दारांचीच ठरवली असशील असं वाटलं, आणि मागचं दार हाताला लागेना म्हणून विचारलं होतं."

"कशी आहे पण?"

"नखरेल आहे. तुला शोभते."

मी गाडीच्या ओरखड्यावर हात ठेवून उभी होते. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं असं मी त्याला सांगितलं, त्याला ते तिथून दिसणं शक्यही नव्हतं.

घाट उतरताना तो म्हणाला, "विमलला आज सांगून टाकतो. पण तिला सांगायचं म्हणजे अवघड आहे. न पटणारं काही काढलं की ती उठून स्वयंपाकघरात जाते, भांडी घासायला घेते. दोन वर्षांत चारदा सुरुवात केली मी. चारही वेळा कढई घासून झाली." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "या गाडीत मागे बसलेल्याला उतरायचं झालं तर?"

"पुढचा उतरल्याशिवाय उतरता येत नाही. सीट पुढे पाडावी लागते."

"मग झालं तर," दादा म्हणाला.

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. विमलवहिनी भाकरतुकडा आणि हळदकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आल्या. गाडीकडे त्यांनी जे पाहिलं, त्यात सगळं आलं. "वन्सं, ही गाडी आहे का चप्पल?" मग त्यांना ओरखडा दिसला. "आणि हे काय?"

"ते सांगतो," दादा म्हणाला. "आधी बस, एक चक्कर मारून येऊ."

वहिनींना मागे बसवणं हे स्वतंत्र काम होतं. आधी डोकं गेलं, मग पदर अडकला, मग एक पाय बाहेरच राहिला. "मी बाळंतपणाला एवढी दमले नव्हते," त्या आतून म्हणाल्या. शेवटी दादाने सीट मागे लोटली, बसला आणि दार लावलं. यवतेश्वरच्या चढाला एका वळणावर रुंद जागा आहे, तिथून खाली सगळं गाव दिसतं. तिथे मी गाडी उभी केली. इंजिन बंद केल्यावर आत फार शांत झालं.

दादा समोरच्या काचेतून बघत बोलला. काही वगळलं नाही. डॉक्टर, थेंब, सायकलवाली मुलगी, इस्त्री. त्याचा आवाज एकसारखा होता, कार्यालयात आराखडा समजावताना असायचा तसा. मी आरशात वहिनींकडे बघत होते. त्या गुडघे छातीशी घेऊन बसल्या होत्या आणि वीतभर खिडकीतून खाली गावाकडे बघत होत्या. पळून जायला जागा नव्हती, घासायला कढई नव्हती.

तो थांबला. वहिनी बोलल्या तेव्हा आवाज अगदी रोजचा होता.

"थेंबांची बाटली फ्रीजमध्ये लोणच्याच्या मागे ठेवता तुम्ही. आपल्या घरात फ्रीज कोण पुसतं?"

दादाची मान अर्धवट मागे वळली.

"खुर्च्या भिंतीला कुणी लावल्या? उंबऱ्यापाशी पांढरा पट्टा कुणी ओढला, काय रांगोळीची हौस होती मला? बाटलीचं खोकं घेऊन मी स्वतः दवाखान्यात विचारून आले. पंधरा महिने झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. सुरुवात केलीत की मला धीर धरवायचा नाही, मी उठून जायची." त्यांनी गुडघ्यावरचा पदर सारखा केला. "एकच लागलं होतं मनाला. वाटायचं, बहिणीला सांगितलं असणार. दोघं मिळून माझ्यापासून लपवताहेत."

"नाही हो वहिनी," मी म्हटलं. "मला आज दुपारी कळलं."

आरशात त्यांचे डोळे माझ्याकडे वळले. "आज?"

"आज. घाटावर."

एवढ्या वर्षांत वहिनींनी मला पुष्कळ ऐकवलं आहे, गाडीवरून तर रोज. पण त्या एका शब्दाएवढं काहीच लागलेलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कीव होती, आणि थोडं हसू दाबलेलं होतं.

"बरं, आता मला उतरवा," त्या म्हणाल्या. "पायाला मुंग्या आल्यात."

दादा उतरला आणि सीट पुढे पाडायला वाकला. खटका सीटच्या कडेला, खालच्या बाजूला असतो. तो वरच्या बाजूला चाचपत राहिला. मी सांगायला तोंड उघडलं, पण त्याआधी मागच्या अंधाऱ्या फटीतून बांगड्यांचा हात बाहेर आला. त्या हाताने दादाचं मनगट धरलं, फोड सांभाळून, आणि खाली नेऊन खटक्यावर ठेवलं.

"हा इथं आहे," वहिनी म्हणाल्या. "ओढा."